पाण्यापर्यंतची वाट

डॉ. जॉन स्नो यांनी १८५५ साली कॉलऱ्यावरच्या आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीला एक नकाशा जोडला. लंडनमधल्या सोहो भागाचा. त्यात डोंगर नाहीत, नदी नाही. काळ्या शाईतल्या गल्ल्या आहेत, गल्ल्यांच्या कडेला घरांच्या जागी छोट्या काळ्या रेघा आहेत आणि तेरा ठिकाणी पाण्याच्या पंपाची खूण आहे. एक रेघ म्हणजे कॉलऱ्याने गेलेलं एक माणूस. एका घरातली चार माणसं गेली, तर चार रेघा एकीवर एक रचलेल्या. रोग समजून घ्यायला भूगोल कशाला लागतो, असं कुणी विचारलं की जगभर आजही हाच नकाशा पुढे केला जातो.

त्याची कीर्ती एवढी झाली की आता तो पाहिला जातो, पण वाचला जात नाही. पाहिल्यावर दिसतं ते सोपं आहे: एका पंपाभोवती रेघांची दाटी, म्हणून तो पंप दोषी. तेवढ्यावर पान उलटलं की नकाशाचा गाभा हातून निसटतो. मला हा नकाशा माणसं कुठे मेली यापेक्षा माणसं पाण्यासाठी कुठे चालत गेली, याचा वाटतो. रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेल्या हमरापूरसारख्या गावात बसून तो वाचला, तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते.

आधी प्रसंग पाहू. ३१ ऑगस्ट १८५४च्या रात्रीपासून सोहोतल्या ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलऱ्याने थैमान घातलं. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं गेली. शेवटी हा आकडा ६१६ वर पोहोचला. घाणीतून उठणारी दूषित हवा हेच रोगाचं मूळ, असं त्या काळचे बहुतेक डॉक्टर मानत. स्नो १८४९पासून सांगत होते की कॉलरा तोंडावाटे पोटात जातो आणि त्याचं वाहन पाणी आहे. त्यांनी मृतांची यादी मिळवली, घरोघरी चौकशी केली आणि ७ सप्टेंबरला स्थानिक मंडळापुढे आपलं म्हणणं मांडलं. ८ तारखेला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला गेला.

सांगणारे बहुतेक जण गोष्ट इथे संपवतात आणि साथ दांड्याबरोबर थांबली असं म्हणतात. स्नो यांनी स्वतः असा दावा केला नाही. लोक घरं सोडून पळाले होते, साथ आधीच ओसरू लागली होती, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. छापलेला नकाशाही दांडा काढल्यानंतरचा. म्हणजे गुन्हेगार शोधायला नकाशा काढला असं झालं नाही. जे चालून, विचारून कळलं होतं ते दुसऱ्याला पटवून देण्यासाठी काढला. त्याचं मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट, नकाशाच्या आधी पायपीट असते, ही त्याची पहिली शिकवण हाती येते.

आता रेघांकडे वळू. स्नो यांना घरावर आकडा लिहिता आला असता, किंवा गल्लीच गडद रंगवता आली असती. त्यांनी प्रत्येक माणसाला स्वतंत्र रेघ दिली आणि सगळ्या रेघा सारख्या लांबीच्या ठेवल्या. कारखान्यातला मजूर, शिंपी, तान्हं मूल, सगळ्यांना तेवढीच शाई. ब्रॉड स्ट्रीटवर या रेघा रस्त्याच्या कडेपासून घराच्या आत सरकत जातात आणि काही ठिकाणी रास इतकी वाढते की घराला खोली पुरत नाही. आकडा वाचून मन मोजदाद करतं. ही रास पाहताना नजर एकेका रेघेवर थांबते. शास्त्रीय चित्रात इतका संयम आणि इतकी माणुसकी एकत्र क्वचितच सापडते.

पण नकाशातल्या रेघांइतक्याच मोकळ्या जागाही बोलक्या आहेत. पंपापासून हाकेच्या अंतरावर बिअर गाळणारा एक कारखाना होता. सत्तरहून अधिक कामगार, आणि त्यांच्यातला एकही कॉलऱ्याने गेला नाही. मालकाने स्नो यांना सांगितलं की कामगारांना रोज बिअर मिळते, ते पंपाचं पाणी पितच नाहीत. कारखान्याची स्वतःची विहीरही होती. जवळच पोलंड स्ट्रीटवर गोरगरिबांचं आश्रयगृह होतं. तिथे ५३५ माणसं राहत, भोवतालच्या घरांत मृत्यू झालेले, पण आत गेले फक्त पाच. तिथेही आवारात स्वतःचा पंप होता. दोष हवेचा असता तर ती हवा आश्रयगृहाच्या भिंतीपाशी थांबली नसती. मोकळ्या जागेला असं बोलतं करणं हे या नकाशाचं दुसरं सौंदर्य. वाईट जागा कुठली हे शोधणारे पुष्कळ असतात. वाईट जागेच्या मधोमध माणसं धडधाकट का राहिली, हे विचारणारा एखादाच.

तिसरा थर अपवादांचा. दुसरा कुठलातरी पंप उघडच जवळ असलेल्या घरांत फक्त दहा मृत्यू झाले होते. नकाशा हातात घेऊन एखाद्याने ते किरकोळ म्हणून सोडून दिले असते. स्नो त्या घरांपर्यंत गेले. पाच ठिकाणी कळलं की त्या कुटुंबांना ब्रॉड स्ट्रीटचं पाणी अधिक आवडे, म्हणून ते मुद्दाम तिथून आणत. तीन मृत मुलं ब्रॉड स्ट्रीटजवळच्या शाळेत जात होती. राहायला एकीकडे, शाळेला दुसरीकडे. जाता-येता पाणी तिथलं. हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक विधवा तर या नकाशाच्या चौकटीतच मावत नाही. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे आणि तिथल्या पाण्याची चव जिभेवर असल्यामुळे रोज गाडीवाल्याकडून बाटली भरून मागवी. ती गेली. तिच्याकडे आलेली इस्लिंग्टनची भाची तेच पाणी प्यायली, तीही गेली. त्या दोन्ही वस्त्यांत तेव्हा कॉलरा नव्हता.

या अपवादांनी सिद्धान्त कमकुवत व्हायला हवा होता. तो त्यांनीच पक्का केला. कारण प्रत्येक अपवादात घर आणि पाणी यांच्यात एक वाट निघाली. पत्ता सांगत होता एक, आणि पाय नेत होते दुसरीकडे.

या वाचनाची किल्ली मला दोन छोट्या निरीक्षणांत सापडते. मार्लबरो स्ट्रीटच्या पंपाजवळ राहणाऱ्या काहींचे मृत्यू झाले होते, तेव्हा तो पंपही दोषी धरावा लागेल असं वाटतं. स्नो सांगतात की त्याचं पाणी इतकं घाण होतं की लोक ते टाळून ब्रॉड स्ट्रीटला जात. जवळचा पंप वापरला जातोच असं नाही. दुसरं निरीक्षण रूपर्ट स्ट्रीटच्या पंपाचं. नकाशावर काही गल्ल्या त्याच्या अगदी शेजारी दिसतात, पण तिथे पोहोचायला मोठा वळसा पडतो. म्हणून त्या गल्ल्यांतल्या लोकांना तो पंप लांबच. कागदावरचं अंतर आणि पायाखालचं अंतर यांतला हा फरक स्नो यांना इतका महत्त्वाचा वाटला की १८५५ सालीच या साथीच्या चौकशी समितीच्या अहवालासाठी केलेल्या सुधारित नकाशात त्यांनी ठिपक्यांची एक रेषा काढली. ही रेषा अशा जागा जोडते, जिथून ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा सर्वांत जवळचा पंप, रस्त्याने चालत गेलं तर, सारख्याच अंतरावर आहेत. पंपाभोवती कंपासने वर्तुळ मारायला एक क्षण पुरला असता. ही वेडीवाकडी, गल्लीबोळांतून वळणारी रेषा काढायला प्रत्येक वाट मनातल्या मनात चालावी लागली असणार. रेघांची दाटी त्या रेषेच्या आत राहते आणि रेषा ओलांडली की झपाट्याने विरळ होते. आज संगणकावर भौगोलिक माहितीच्या प्रणालीत रस्त्यांचं जाळं धरून जे विश्लेषण करतात, त्याचं बीज या ठिपक्यांच्या रेषेत आहे.

याच मृत्यूंचा आणखी एक नकाशा सप्टेंबर १८५४मध्येच तयार झाला होता. गटार विभागाचे अभियंता एडमंड कूपर यांनी तो काढला. १६६५च्या प्लेगमधली प्रेतं पुरलेली जागा नव्या गटारांमुळे उघडी पडली आणि तिथल्या दुर्गंधीने कॉलरा पसरला, अशी लोकांची तक्रार होती. कूपर यांनी मृत्यू, गटारं आणि ती जुनी जागा कागदावर मांडली आणि त्यांचा मेळ बसत नाही असं दाखवलं. काम नेटकं होतं. पण त्यांनी विचारलेला प्रश्न गटाराचा होता, उत्तरही गटारापुरतंच मिळालं. माणसं तीच, घरं तीच, गल्ल्याही त्याच. एकाला पाणी दिसलं, दुसऱ्याला दिसलं नाही. संगणकावर ठिपके टाकले की सत्य आपोआप वर येईल, असं मानणाऱ्या आजच्या उत्साही अभ्यासकाने हे दोन नकाशे शेजारी ठेवून पाहावेत.

स्नो यांच्या नकाशाच्या मर्यादाही आहेत. कुठल्या घरात एकूण किती माणसं राहत होती, हे तो सांगत नाही. पळून गेलेले आणि आजारातून उठलेले त्यात नाहीत. पंपाची विहीर दूषित कशी झाली, हेही त्यातून कळत नाही. ते कोडं सोडवलं हेन्‍री व्हाइटहेड या तरुण पाद्र्याने, जो सुरुवातीला स्नो यांचं म्हणणं खोडून काढायला निघाला होता. ४० क्रमांकाच्या घरात पाच महिन्यांचं एक बाळ साथीच्या आरंभीच आजारी पडलं होतं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घरासमोरच्या शोषखड्ड्यात ओतलं गेलं होतं. खणून पाहिलं तेव्हा तो खड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर निघाला आणि मधलं बांधकाम पाझरत होतं. व्हाइटहेडला हे कळलं, कारण तो त्या वस्तीतला होता आणि माणसं त्याच्याशी बोलत. नकाशाला वस्तीतल्या माणसाची जोड लागते.

स्नो यांच्या पुस्तकातला दुसरा मोठा भाग दक्षिण लंडनचा. तिथे दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून, कधी शेजारच्याच घरांत गेलेले. एका कंपनीने १८५२मध्ये आपलं पाणी घेण्याचं ठिकाण थेम्सवर वरच्या अंगाला, भरती पोहोचत नाही अशा जागी हलवलं होतं. दुसरी बॅटरसीजवळ, भरती-ओहोटीच्या आणि शहराच्या मैल्याच्या पाण्यातूनच उपसा करत होती. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दुसऱ्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले, पहिल्या कंपनीच्या २६,१०७ घरांत ९८. दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. पुष्कळ भाडेकरूंना आपलं पाणी कुठल्या कंपनीचं हेच ठाऊक नव्हतं. तेव्हा स्नो यांनी घरातल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून मीठ तपासलं. भरतीच्या पट्ट्यातलं पाणी खारं, वरचं गोडं. मिठाने पाण्याचा पत्ता सांगितला.

हा भाग पेणच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इथला शेतकरी उधाणाच्या तिथ्या जाणतो, बांध कुठे खचला आणि कुठल्या उघाडीतून खारं पाणी शेतात शिरलं, हे त्याला पिकावरून कळतं. वर भोगेश्वरी नदीवर हेटवण्याचं धरण आहे, त्याचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि खाली खारेपाटातल्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. स्नो यांची ती दोन नळांची गल्ली लंडनची असली तरी तिचा प्रश्न इथलाच आहे: एकाच तालुक्यात शेजारी शेजारी राहणारी माणसं वेगवेगळं पाणी पितात, आणि गावाचं नाव लिहिलं म्हणजे पाण्याचं नाव कळत नाही.

पत्त्यालाच रोग मानलं की काय होतं, हे मुंबईने चांगलंच भोगलं आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. बंदराजवळची ती धान्याच्या वखारींची वस्ती. सरकारने घर हेच रोगाचं ठाणं धरलं. माणसांना राहायला अयोग्य म्हणून घरांवर इंग्रजी आद्याक्षरं रंगवली, उजेड यावा म्हणून कौलं उतरवली, गटारांतून कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचं पाणी सोडलं. ज्याची वाट शोधायला हवी होती तो उंदीर मात्र घराघरांतून पुढे सरकत राहिला आणि लाखो माणसं शहर सोडून गेली. १८९८मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी उंदराच्या पिसवेकडे बोट दाखवलं, आणि पुढे मुंबईतच ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवून त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा गोळा केल्या, तेव्हा ती वाट दिसली.

कोकणातली अलीकडची दोन उदाहरणं याच मुद्द्याची साक्ष देतात. कर्नाटकातल्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७मध्ये सापडलेला माकडताप २०१६मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आला. गोचिडीतून पसरणारा हा ताप गावात बसून येत नाही. काजूच्या बागेत, लाकूडफाट्याला, पाचोळा आणायला रानात गेलं की येतो. म्हणून तिथे मेलेलं माकड कुठे सापडलं याची नोंद करावी लागते आणि त्या जागेकडे जाणाऱ्या पायवाटांवर लक्ष ठेवावं लागतं. दुसरं उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यातलं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला, ‘लॅन्सेट’मध्ये १९८२ साली तो मांडला आणि पुढे प्राझोसिन या औषधाने दंशाचे बळी फार कमी करून दाखवले. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या महाडच्या अभ्यासात प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्यांपैकी ९१.४ टक्के रुग्ण दहा तासांत बरे झाले. नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांपैकी २२.९ टक्के. दंश झालेल्या माणसाचं भवितव्य तासांवर ठरतं, आणि ते तास वाडीपासून डॉक्टरपर्यंतच्या वाटेवर खर्च होतात. नकाशावर वाडीपासून दवाखान्यापर्यंत सरळ रेषा काढणं म्हणजे रूपर्ट स्ट्रीटचा वळसा विसरणं.

आता हमरापूर. पनवेल-रोहा लोहमार्गावर जिते आणि पेण यांच्यामध्ये हे स्थानक आहे. मुंबई-गोवा महामार्गही जवळून जातो. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावं गणपतीच्या कारखान्यांची. समजा, इथल्या खोकल्याचा, दम्याचा नकाशा काढायचा आहे. सरकारी नोंदवहीत रुग्णाचं नाव असेल, वय असेल, गाव असेल. त्यावरून ठिपके टाकले तर ते गावठाणात पडतील आणि आपल्याला वाटेल की गावाची हवाच बिघडली.

पण कारखान्यात जरा थांबून पाहा. साच्यातून काथ्या घातलेली प्लास्टरची मूर्ती निघते, सुकते, आणि मग घासकाम सुरू होतं. पॉलिश पेपर सोंडेच्या वळणावरून, कानामागून, मुकुटाच्या खाचेतून फिरतो आणि पांढरी धूळ उडते. घासणाऱ्याचा चेहरा मूर्तीपासून वीतभर अंतरावर असतो. दोन हातांवर कंप्रेसरच्या गनने रंग मारला जातो. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर दूर, उजेडाच्या बाजूला बसलेला. पावसाळ्यात मूर्ती भिजू नयेत म्हणून शेड प्लास्टिकच्या कागदाने झाकली की तीच धूळ आतल्या आत फिरते. प्लास्टरची धूळ डोळे, नाक, घसा चुरचुरवते, श्वासनलिकेला त्रास देते. एकाच छताखाली, एकाच पत्त्यावर, तीन माणसांच्या छातीत तीन वेगळ्या गोष्टी जातात. इथे नकाशाचं माप गावाचं ठेवून भागणार नाही. ते बैठकीपर्यंत, कोण किती तास कुठे बसतो इथपर्यंत खाली आणावं लागेल. आणि आश्रयगृहाची आठवण ठेवून हेही विचारावं लागेल की घासकाम उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडाला होतं त्या कारखान्यातली माणसं कशी आहेत.

दुसरीकडे कातकरी कुटुंबं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर बाहेरगावी जायचं आणि पावसाच्या तोंडाला वाडीवर परतायचं, हे रायगडच्या अनेक वाड्यांचं वर्षाचं चक्र आहे. मुलाचा ताप तिकडचा, नोंद इकडची. लसीकरणाची तारीख इकडची, मूल तिकडे. ब्रॉड स्ट्रीटजवळच्या शाळेत जाणारी ती तीन मुलं नकाशावर चुकीच्या पंपाजवळ पडली होती. कातकरी मूल तर अख्खे सहा महिने चुकीच्या ठिकाणी पडलेलं असतं, आणि त्याच्या घरी जाऊन विचारणारा कुणी भेटला नाही तर ते कुठल्याच नकाशात येत नाही.

उपग्रहाची चित्रं, मोबाइलमधलं ठिकाण, रंगांचे थर हे सगळं आज स्नो यांच्या स्वप्नातही नव्हतं इतकं स्वस्त झालं आहे, आणि ते जरूर वापरावं. पण त्यांच्या नकाशाचा मोठेपणा साधनांत नव्हता. नोंदीत नसलेली एक गोष्ट त्यांनी दारोदार जाऊन मिळवली आणि मग ती शाईत उतरवली. ती गोष्ट आजही मिळू शकते, आणि ती मिळवायला सर्वांत योग्य माणूस आपल्या गावात आहेच: आशाताई, म्हणजे गावातली आशा आरोग्य कार्यकर्ती. व्हाइटहेडसारखी ती वस्तीतली आहे, आणि माणसं तिच्याशी बोलतात. तिच्या वहीत गावाच्या नावाशेजारी तीन रकाने वाढवावेत: गेल्या पंधरवड्यात पाणी कुठलं प्यायलात, कामाला कुठे आणि किती तास होता, दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागला. हे तीन रकाने भरले तर पेण-रोह्याच्या आरोग्याचा नकाशा काढायला लंडनहून कुणी यायला नको. तो इथेच काढता येईल, आणि कुठे नळ हवा, कुठे धुळीचा पंखा हवा, कुठे वाडीपर्यंत रस्ता हवा, हे तो आकड्यानिशी सांगू शकेल.